व्हीसॅट बंद, सामान परत: शाखा स्थलांतराच्या नोंदी

जागा: जावळी तालुका, सातारा जिल्हा. कोयनेच्या शिवसागर जलाशयाकडच्या गावातली पतसंस्थेची शाखा. जुनी जागा भाड्याची, पहिला मजला आणि वर गच्ची. नवी जागा संस्थेची स्वतःची, सहाशे मीटरवर, रस्त्यालगत.
सामान: व्हीसॅट, म्हणजे उपग्रहावरून शाखा मुख्य कार्यालयाशी जोडणारी यंत्रणा. १.२ मीटरची केयू बँड (उपग्रह सेवेचा एक फ्रीक्वेन्सी पट्टा) डिश, गच्चीवर वजनं ठेवून उभी केलेली. उपग्रह ७४ अंश पूर्व रेखांशावरचा. डिश, बाहेरची यंत्रं आणि मोडेम सेवादाराचे (सेवा देणाऱ्या कंपनीचे), भाड्याने. यूपीएस, बॅटऱ्या, राउटर आणि अर्थिंग संस्थेचं.

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार

काल भाऊबीज झाली, आज शाखा उघडली. पहिलं काम म्हणून व्हीसॅटचा करार काढून वाचला.

करार ऑगस्ट २०२१ पासून तीन वर्षांचा. मुदत संपली आहे, त्यापुढे दर तिमाहीला तो आपोआप वाढतो. म्हणजे मुदतीआधी सोडल्याचा दंड लागत नाही, पण तीस दिवसांची लेखी नोटीस लागते. बिल तिमाहीचं, आगाऊ. ऑक्टोबर ते डिसेंबरचे पैसे भरून झालेत. शेवटची तारीख ३१ डिसेंबर धरायची तर नोटीस नोव्हेंबर संपायच्या आत त्यांच्या हातात पडली पाहिजे. एक दिवस चुकला तर एक महिना नव्हे, अख्खी तिमाही अंगावर येते.

कराराच्या मागच्या परिशिष्टात सामानाची यादी आहे आणि प्रत्येक वस्तूपुढे, ती परत न आल्यास लागणारी रक्कम. घसारा धरलेला नाही. तीन वर्षं उन्हापावसात राहिलेल्या वस्तूची रक्कम नव्या वस्तूइतकीच. सही करतानाच हे बघायला हवं होतं. पुढच्या शाखांच्या करारात घसाऱ्याचं कलम मागून घ्यायचं.

डिश नव्या जागी का नेत नाही, हे आज दोघांनी विचारलं म्हणून लिहून ठेवतो. नव्या जागेपर्यंत फायबर आलंय, हे मुख्य कारण. शिवाय डिश उचलून दुसऱ्या गच्चीवर ठेवली की झालं, असं हे काम नाही. प्रत्येक ठिकाण सेवादाराला अक्षांश-रेखांशासह नोंदवावं लागतं. जागा बदलली की डिश नव्याने उपग्रहावर लावायची, हबबरोबर (सेवादाराचं जमिनीवरचं मुख्य केंद्र) ध्रुवीकरणाची, म्हणजे सिग्नलच्या लहरींची दिशा नेमकी आहे का याची, चाचणी द्यायची, त्यात आपल्या आणि आडव्या दिशेच्या सिग्नलमध्ये साधारण ३० डीबीचं अंतर मिळाल्याशिवाय हब ट्रान्समिटला परवानगी देत नाही. फीड (डिशसमोरचा, सिग्नल सोडणारा-घेणारा भाग) थोडा जरी फिरलेला राहिला तर आपला सिग्नल त्याच उपग्रहावरच्या दुसऱ्याच्या वाहिनीत घुसतो. म्हणून ग्राहकाने स्वतः डिश हलवून चालू करायची नाही, कधीच.

५ नोव्हेंबर, मंगळवार

नोटीस गेली. ईमेलने आणि पोचपावतीच्या स्पीड पोस्टाने, दोन्हीकडून. पत्रात पाच गोष्टी घातल्या: साइटचा क्रमांक आणि पत्ता, सेवा कोणत्या तारखेला बंद करायची ती तारीख (नुसतं ‘लवकरात लवकर’ लिहिलेलं चालत नाही), त्यांच्या नोंदीप्रमाणे आमच्याकडे असलेल्या सामानाची सिरियल नंबरांसह यादी, सामान कुठल्या गोदामात पाठवायचं, त्याचा पत्ता आणि जीएसटी क्रमांक, अनामत परत करायची मुदत.

ग्राहक सेवेला फोन करून तक्रार क्रमांक मिळाला तरी ती नोटीस होत नाही. आणखी एक: त्यांच्याकडे ‘सेवा बंद’ आणि ‘सामान उतरवणे’ ही दोन वेगळी तिकिटं असतात. पहिलं बंद झालं की लिंक बंद. दुसरं बंद झालं की बिल बंद. आपल्याकडची माणसं पहिल्यावर थांबतात आणि जानेवारीत बिल आलं की गोंधळतात. आजच दोन्ही तिकिटं उघडून घेतली, क्रमांक फाइलच्या पहिल्या पानावर लिहिले.

९ नोव्हेंबर, शनिवार

गच्चीवर जाऊन सामानाची मोजणी केली. लिंक चालू होती, म्हणून डिशच्या समोर आणि फीडच्या मध्ये कुणी यायचं नाही हे आधीच सांगितलं. सगळे फोटो मागून आणि बाजूने काढले.

लेबलं कुठे असतात हे माहीत असलं की तासाचं काम पंधरा मिनिटांत होतं. बीयूसी, म्हणजे वर सिग्नल पाठवणारा ठोकळा: लेबल खालच्या अंगाला. एलएनबी, म्हणजे खाली येणारा सिग्नल घेणारा भाग: लेबल बहुतेक वेळा ओएमटीच्या (जाणारा आणि येणारा सिग्नल वेगळा करणारा जोड) बाजूला दडलेलं, मोबाइलचा कॅमेरा आत सरकवून फोटो घ्यावा लागतो. रिफ्लेक्टर, म्हणजे डिशची थाळी: पाठीमागे, ब्रॅकेटच्या वर. मोडेम: तळाला, आणि मोडेमच्या स्टेटस पानावरही तोच नंबर दिसतो. दोन्ही ताडून बघावेत. लेबल उन्हाने पांढरं पडलं असेल तर टॉर्च तिरकी धरायची, छापलेले आकडे उठून दिसतात.

प्रत्येक वस्तूचे तीन फोटो: लेबलचा जवळून, वस्तूचा पूर्ण, आणि वस्तू गच्चीवर जागेवर असल्याचा.

मोजणीत अडचण निघाली. सेवादाराने पाठवलेल्या यादीत बीयूसीच्या सिरियलचे शेवटचे चार आकडे ४४१७. गच्चीवरच्या बीयूसीवर ०९६२. बाकी सगळं जुळतं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

बीयूसीचा उलगडा झाला. जुलै २०२२ मध्ये पावसात लिंक गेली होती, त्यांच्या इंजिनिअरने बीयूसी बदलला होता. जुना तो घेऊन गेला, नवा लावला, त्यांच्या नोंदीत मात्र जुनाच राहिला. त्या दिवशीच्या सर्व्हिस रिपोर्टची कार्बन प्रत शाखेच्या ‘दुरुस्ती’ फाइलमध्ये सापडली. तीवर दोन्ही सिरियल नंबर, ‘काढला’ आणि ‘लावला’ असे, इंजिनिअरची आणि तेव्हाच्या शाखाधिकारी ताईंची सही. स्कॅन करून पाठवली, यादी दुरुस्त करून मागितली.

ही प्रत नसती तर काय झालं असतं ते सरळ आहे. आम्ही ०९६२ परत केला असता, त्यांच्या हिशेबात ४४१७ आलाच नसता, आणि यादीतल्या सगळ्यांत महाग वस्तूची रक्कम अनामतीतून गेली असती. सर्व शाखांना आजच कळवलं: यंत्र बदलून गेलं की रिपोर्टवर दोन्ही नंबर लिहून घेतल्याशिवाय सही करायची नाही.

१८ नोव्हेंबर, सोमवार

नव्या जागी फायबर चालू. भिंतीवर ओएनटी (फायबरचा मोडेम) बसला, आमचा राउटर जोडला. मुख्य कार्यालयाच्या सर्व्हरपर्यंत पिंग (सिग्नलला जाऊन-येऊन लागणारा वेळ) १८ ते २२ मिलीसेकंद. आज जुन्या जागी व्हीसॅटवर तोच पिंग ६२० च्या आसपास होता. त्यात कुणाचा दोष नाही. उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंच असतो. सिग्नल वर जाऊन हबवर उतरतो आणि उत्तर त्याच वाटेने परत येतं, म्हणजे चार वेळा ते अंतर. नुसत्या प्रवासालाच पावणेपाचशे मिलीसेकंद लागतात, बाकीचा वेळ हबवरच्या प्रक्रियेत जातो.

या फरकामुळे एक काम वाढतं, ते पटकन लक्षात येत नाही. व्हीसॅटसाठी कोअर बँकिंगच्या क्लायंटमध्ये (शाखेतल्या व्यवहारांच्या प्रोग्राममध्ये) उत्तराची वाट बघायची मुदत वाढवून ठेवली होती. ती तशीच राहिली तर फायबर तुटल्यावर पडदा बराच वेळ नुसता गोठून राहतो आणि कॅशिअरला वाटतं व्यवहार चालू आहे. मुदत मूळ किमतीवर आणली.

फायबरचा धोका वेगळा आहे. इथे केबल खांबांवरून आली आहे आणि रस्त्याच्या कडेला खोदाई चालू असते. म्हणून राउटरमध्ये ४जी सिम घातलं. सिम कुठल्या कंपनीचं घ्यायचं हे शाखेच्या आत, तिजोरीजवळच्या टेबलावर मोजून ठरवलं. रस्त्यावर दोन कांड्या दिसतात म्हणून आतही दिसतील असं नाही.

जुनी लिंक लगेच सोडायची नाही. नव्या लिंकवर महिनाअखेरचा दिवस पार पडला, व्याज आकारणी आणि दिवसअखेरचं काम न अडखळता झालं, की मगच.

२५ नोव्हेंबर, सोमवार

बुधवारी मतदानामुळे शाखा बंद होती, त्यात पाठपुरावा दोन दिवस लांबला. आज सेवादाराचं उत्तर आलं: नोटीस संस्थेच्या लेटरहेडवर, अधिकृत सहीधारकाच्या सहीने हवी. आमची होती लेटरहेडवरच, पण सही शाखाधिकाऱ्यांची. करारावर सही सचिवांची आहे. सचिवांच्या सहीने, मूळ तारखेचा उल्लेख करून लगेच पुन्हा पाठवली. ‘५ नोव्हेंबरची नोटीस याद्वारे कायम करत आहोत’ हे वाक्य मुद्दाम घातलं, नाहीतर तीस दिवस आजपासून मोजले गेले असते.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

लेखी पोच आली. शेवटचा दिवस ३१ डिसेंबर मान्य, यादीत बीयूसी ०९६२ दुरुस्त. हे पान दोन प्रतींत छापून एक फाइलला, एक शाखेत.

२ डिसेंबर, सोमवार

शनिवार-रविवारी शाखा हलली, आज व्यवहार नव्या जागेवर. महिनाअखेर फायबरवर झाली, अडचण नाही. जुन्या जागेवरचा मोडेम अजून आठवडाभर चालू ठेवतोय.

९ डिसेंबर, सोमवार

व्हीसॅट तांत्रिकदृष्ट्या मोकळी केली. मुख्य कार्यालयाच्या फायरवॉलवरून या साइटचा बोगदा, म्हणजे सुरक्षित जोडणी, काढला, परवानगी दिलेल्या पत्त्यांच्या यादीतून व्हीसॅटचा पत्ता काढला. हे विसरणं सोपं आणि धोक्याचं. तोच पत्ता उद्या सेवादार दुसऱ्या ग्राहकाला देईल आणि आपल्या फायरवॉलचं दार त्याच्यासाठी किलकिलं राहील.

मोडेमच्या मागचं रीसेटचं बटण दाबायचं नाही. त्यात आपला डेटा नसतो, साइटची मांडणी असते, आणि हबवरून शेवटचं बंद करायला ती लागते.

१३ डिसेंबर, शुक्रवार

सामान उतरवायला त्यांच्या इंजिनिअरची भेट महिनाअखेरपर्यंत मिळत नाही. घरमालकांना गच्ची ३१ तारखेला मोकळी हवी आहे. आम्हीच उतरवू का, असं विचारलं. परवानगी ईमेलने आली. तोंडी परवानगीवर स्क्रूला हात लावला नसता: उतरवताना काही तुटलं तर जबाबदारी कुणाची हा प्रश्न लगेच उभा राहतो. ईमेलमध्ये ‘ग्राहकाने काळजीपूर्वक उतरवावे, बोल्ट आणि केबल परत करण्याची गरज नाही’ असं स्पष्ट आहे. ही ओळ महत्त्वाची. गंजलेले बोल्ट कापून काढायची मोकळीक मिळाली आणि तीस-तीस मीटरच्या दोन केबली पाइपातून ओढत बसायचं काम वाचलं.

अमेरिकेतल्या घरगुती उपग्रह इंटरनेटमध्ये बहुधा मोडेम आणि रेडिओ एवढंच परत मागतात, डिश छपरावरच राहते. ते ऐकून इथेही डिश सोडून देऊ असं कुणी सुचवलं होतं. आपल्या परिशिष्टात रिफ्लेक्टर आणि स्टँड दोन्ही आहेत, म्हणून दोन्ही परत जाणार.

२६ डिसेंबर, गुरुवार

तयारी. १३, १७ आणि १९ चे पाने (रिंग आणि उघडा, दोन्ही), ४ एमएमची ॲलन की, कापायची हत्यारं, सुती हातमोजे, दोन दोर, जुन्या गाद्या दोन, प्लास्टिकची टोपणं, मार्कर, चिकटपट्टी, फुग्यांचं प्लास्टिक. सगळ्या नटांवर आज संध्याकाळीच गंज सुटायचं तेल मारून ठेवलं. तेलाला रात्र मिळाली की सकाळी पान्याला झटका द्यावा लागत नाही, आणि झटक्यातच डिश वाकते.

२८ डिसेंबर, शनिवार

चौथा शनिवार, शाखेला सुट्टी. सकाळी साडेसातला गच्चीवर चार जण. वारा सुटायच्या आत डिश खाली आली पाहिजे. जलाशयाकडून अकरानंतर वारा येतो आणि सव्वा मीटरची डिश हातात असताना ती शिडासारखी ओढते.

आधी हबला फोन. “सर, साइटचं ट्रान्समिट बंद करा, आम्ही फोनवर थांबतो.” दोन मिनिटांत मोडेमवरचा ट्रान्समिटचा दिवा गेला. “बंद आहे, आता वीज काढली तरी चालेल.” फोनची वेळ लिहून घेतली: ७.४४. हे न करता वीज ओढली असती तर हबवर ती बिघाड म्हणून नोंदली गेली असती आणि सोमवारी तक्रार उघडून कुणीतरी फोन करत बसला असता. करार ३१ पर्यंतचा आहे, तीन दिवस सोडून दिले. घरमालकांशी वाद घालण्यापेक्षा ते बरं.

मग मोडेम बंद, प्लग काढला, पाच मिनिटं थांबलो. मोडेममधून ट्रान्समिट केबलवर बीयूसीला २४ व्होल्ट डीसी जातो. वीज चालू असताना एफ कनेक्टर फिरवला तर मधली तार बाहेरच्या जाळीला टेकते आणि मोडेमचा तो भाग जळतो. सामान परत करताना मोडेम मेलेला निघण्याचं हे नेहमीचं कारण आहे, आणि ते नुकसान ग्राहकाच्याच खात्यात जातं.

आधी मोडेमकडचे कनेक्टर काढले, मग वरचे. बीयूसीकडच्या कनेक्टरवर काळी रबरी पट्टी घट्ट बसलेली. ती लांबीच्या दिशेने एकच चीर देऊन सोलून काढली. आत कनेक्टरच्या गळ्याशी हिरवट पावडर, मधल्या तारेचं टोक काळं. पाणी शिरलं होतं. गेल्या पावसाळ्यात ऑगस्टभर सिग्नल खालावला होता, त्याचं एक कारण हेच असावं. पट्टी खालून वर गुंडाळलेली नव्हती, वरून खाली गुंडाळली होती. कौलांसारखी खालून वर गुंडाळली की प्रत्येक वेढा खालच्या वेढ्यावर येतो आणि पाणी बाहेरून ओघळून जातं. इथे उलट झालं होतं, प्रत्येक वेढ्याच्या कडेला पाणी थांबून आत जात होतं.

बीयूसी काढताना एकाने दोन्ही हातांनी तो खालून धरला आणि दुसऱ्याने ॲलन कीने चार स्क्रू समोरासमोर, आलटून पालटून सैल केले. बीयूसी वजनदार असतो आणि फीडच्या दांड्याच्या टोकाला लटकलेला असतो. आधाराशिवाय शेवटचा स्क्रू काढला की तो थेट रिफ्लेक्टरवर पडतो. स्क्रू सुटल्यावर सपाट तोंडाच्या खोबणीतलं रबरी वळं जपून ठेवलं आणि लगेच दोन्ही तोंडांवर टोपण लावलं. वेव्हगाइडच्या (सिग्नल वाहणाऱ्या पोकळ नळीच्या) आत धूळ किंवा पाण्याचा थेंब गेला तर गोदामातल्या चाचणीत बीयूसी नापास होतो.

ओएमटी, फिल्टर आणि एलएनबी एकमेकांपासून सोडवले नाहीत, तिन्हींचा जोड तसाच ठेवला. खालच्या कोपऱ्यात कुंभारीण माशीचं मातीचं घर होतं, अंगठ्याएवढं, वाळून कडक झालेलं. ओल्या फडक्याने मऊ करून काढलं. खरवडलं असतं तर रंग गेला असता.

आता डिश. इथून ७४ अंशाचा उपग्रह जवळजवळ नेमका दक्षिणेला दिसतो, उंची सुमारे ६९ अंश. डिश ऑफसेट असल्यामुळे ती तेवढी आकाशाकडे वळलेली दिसत नाही, पण उत्तरेकडच्या डिशपेक्षा बरीच उताणी असते. त्यामुळे खालच्या कडेला पानं, माती आणि पाणी साठतं. तिथल्या दोन बोल्टांचा गंज सगळ्यांत जास्त, एक कापावाच लागला. दोघांनी कड धरली, तिसऱ्याने मागून आधी वरचे दोन, मग खालचे दोन बोल्ट काढले. डिश पालथी करून गादीवर ठेवली. पालथी ठेवल्यावर ती फक्त कडेवर टेकते, पृष्ठभागाला काही लागत नाही. उताणी ठेवायची नाही. ऊन त्यात एका बिंदूवर गोळा होतं आणि वर वाकलेल्या माणसाला भाजू शकतं.

वजनाचे ठोकळे सगळ्यांत शेवटी हलवले. घाई करणारे आधी ठोकळे उचलतात, कारण ते जड असतात आणि ते एकदाचे उरकावेत असं वाटतं. ठोकळे हलले की उभी डिश वाऱ्याच्या पहिल्या झोताला स्टँडसकट आडवी होते. सोळा ठोकळे, सगळे संस्थेने ओतून घेतलेले, यादीत नाहीत. अर्थिंगची तार स्टँड सुटल्यावर काढली. पट्टी इमारतीला जोडलेली आहे, ती तशीच ठेवली.

स्टँडखालच्या रबरी चटया उचलल्यावर स्लॅब कोरडा, वॉटरप्रूफिंग शाबूत. घरमालकांना वर बोलावून दाखवलं. “काका, एकदा सगळीकडे फिरून बघा, मग सही करा.” गच्ची सुस्थितीत मिळाल्याची दोन ओळींची पावती घेतली. ठोकळे त्यांनी कुंड्यांखाली ठेवायला मागून घेतले. दुपारी साडेबाराला काम संपलं.

३० डिसेंबर, सोमवार

पॅकिंग आणि कागद.

गोदाम भिवंडीचं आहे. कुरिअरने पाठवायचा विचार होता, पण आकारमानाने वजन मोजलं तर परवडत नाही. डिशची खोकी १२५ बाय १२५ बाय २५ सेंटीमीटर. गुणाकार भागिले ५००० केला की ७८ किलो भरतात, प्रत्यक्ष वजन त्याच्या निम्मंही नाही. साताऱ्याहून भिवंडीला जाणाऱ्या ट्रान्सपोर्टने पाठवतोय, तिथे नगाने दर लागतो.

तीन नग केले. पहिला: मोडेम आणि ॲडॅप्टर. दुसरा: बीयूसी आणि ओएमटी-फिल्टर-एलएनबीचा जोड, मधे थर्माकोलची भिंत. तिसरा: रिफ्लेक्टर लाकडी पट्ट्यांच्या चौकटीत, पाठीमागे स्टँडचे पाइप बांधलेले. चौकटीवर चारही बाजूंनी ‘वर वजन ठेवू नये’ असं मराठीत आणि हिंदीत लिहिलं. प्रत्येक नग बंद करण्याआधी उघड्या खोक्याचा फोटो काढला, आतल्या वस्तूचं लेबल आणि बाहेरचा नग क्रमांक एकाच चित्रात येतील असा.

कागद: आपण माल विकत नाही, मालकाचा माल मालकाकडे परत चालला आहे. म्हणून टॅक्स इनव्हॉइस नाही, जीएसटी नियम ५५ खाली डिलिव्हरी चलन. तीन प्रती: मूळ माल घेणाऱ्याला, दुसरी वाहतूकदाराला, तिसरी आपल्याकडे. चलनावर क्रमांक, तारीख, दोघांचे जीएसटी क्रमांक, वस्तूचं वर्णन, एचएसएन (वस्तूचा कर-वर्गीकरण क्रमांक), नग, किंमत, सही. आम्ही प्रत्येक ओळीत सिरियल नंबरही घातला. कायद्याला तो लागत नाही, आपल्याला लागतो. वर ‘भाड्याने घेतलेले सामान परत, विक्रीसाठी नाही’.

किंमत परिशिष्टाप्रमाणे ६८,००० रुपये. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखापर्यंत ई-वे बिल (माल वाहतुकीचं जीएसटीचं कागदपत्र) लागत नाही. गोदाम राज्याबाहेर असतं तर ५०,००० ची मर्यादा लागू झाली असती आणि बिल काढावं लागलं असतं. ट्रान्सपोर्टवाल्याने तरीही मागितलं; चलनाची प्रत दाखवल्यावर मान्य केलं.

यूपीएसच्या बॅटऱ्या या नगांत घातल्या नाहीत. त्या संस्थेच्या आहेत, नव्या जागी चालू आहेत.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

तिन्ही नग रवाना. एलआर (ट्रान्सपोर्टची पावती) क्रमांक ईमेलने कळवला, सोबत चलन आणि अठरा फोटो.

७ जानेवारी, मंगळवार

गोदामाने चलनावर शिक्का मारून पाठवला: ‘३ नग मिळाले’. हे पुरेसं नाही. नग मिळाले म्हणजे सामान मिळालं असं होत नाही. वस्तू आणि सिरियलप्रमाणे जमा पावती मागितली.

१३ जानेवारी, सोमवार

उत्तर: एलएनबी कमी. ओएमटीच्या जोडाला लागलेला एलएनबी त्यांनी वेगळा मोजलाच नव्हता. नग क्रमांक दोनच्या उघड्या खोक्याचा फोटो पाठवला, एलएनबीच्या लेबलवर गोल करून. संध्याकाळी ‘सापडला’ असा निरोप. पुढच्या वेळी जोड तसाच ठेवायचा, पण वर मोठ्या अक्षरात लिहायचं: यात तीन वस्तू आहेत.

१७ जानेवारी, शुक्रवार

जानेवारी ते मार्चचं बिल आलं. कारण शोधलं: ‘सेवा बंद’ तिकीट ३१ डिसेंबरला संपलं, ‘सामान उतरवणे’ तिकीट जमा पावतीअभावी उघडंच होतं, आणि त्यांची बिलिंग प्रणाली दुसऱ्या तिकिटाकडे बघते. २८ नोव्हेंबरची पोच जोडून बिल लेखी नाकारलं आणि क्रेडिट नोट मागितली. ‘आत्ता भरा, पुढे वळतं करू’ असं फोनवर सांगितलं गेलं. भरायचं नाही. वळतं करायला पुढचं बिलच नाही.

बँकेत एनएसीएचचा मँडेट (खात्यातून आपोआप वसुलीची परवानगी) चालू होता, तो लेखी अर्जाने थांबवला. २० तारखेला वसुली लागली असती. हे डिसेंबरचे सगळे पैसे चुकते झाल्याची खात्री करूनच केलं. आधी थांबवला असता तर वसुली परतल्याचा दंड बँकेने लावला असता.

२४ जानेवारी, शुक्रवार

सिरियलवार जमा पावती आली. बीयूसी ०९६२ तिच्यात आहे. दुसरं तिकीट बंद. जानेवारी-मार्चच्या बिलाची क्रेडिट नोट जीएसटीसह पूर्ण रकमेची, तपासली.

एक कपात लावली आहे: मोडेमचा ॲडॅप्टर मूळ कंपनीचा नाही, १,८०० रुपये. हे खरं आहे. २०२३ मध्ये मूळ ॲडॅप्टर जळाला तेव्हा तक्रार न करता साताऱ्यातून दुसरा आणून लावला होता. तेव्हा तक्रार केली असती तर देखभाल करारात तो फुकट मिळाला असता. कपात मान्य केली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

अनामत २५,००० मधून १,८०० वजा होऊन २३,२०० रुपये संस्थेच्या खात्यात जमा. ना-देय पत्र आलं, त्यात साइट क्रमांक आणि सेवा बंद झाल्याची तारीख दोन्ही आहेत.

फाइलचा क्रम लावला: करार, नोटीस आणि दोन्ही पोचा, २०२२ चा सर्व्हिस रिपोर्ट, उतरवण्याची परवानगी, घरमालकांची पावती, चलन आणि एलआर, जमा पावती, क्रेडिट नोट, ना-देय पत्र. फोटो मुख्य कार्यालयाच्या सर्व्हरवर. फाइल लेखापरीक्षणाच्या कपाटात, वरून दुसरा कप्पा.